कापसाची हवा, माणसाची हवा

मी वाचनालयाची बाई. एकतीस वर्षं पुस्तकं देण्याघेण्यात गेली, त्यामुळे माझं बोलणं तसं पुस्तकी आहे. पण राग आला किंवा फार आनंद झाला की आतली वऱ्हाडी बाहेर येते, आणि मग ती मला आवरत नाही. गफ्फारभाईंची गोष्ट सांगताना राग आणि आनंद दोन्ही होणार आहेत, म्हणून आधीच सांगून ठेवते. मागून म्हणू नका, चारुलताबाई काऊन अशा बोलून राह्यल्या.

गफ्फारभाई पत्र्याचं काम करतात. खामगावात एका जुन्या जिनिंगच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुकान आहे. धान्याच्या कोठ्या, पेट्या, कूलरचे डबे आणि हवेचे पाइप, म्हणजे ज्याला आता सगळे डक्ट म्हणतात ते. वय बासष्ट, अंगानं काटक, दाढीला मेंदी. डाव्या कानानं अजिबात ऐकू येत नाही आणि उजव्यानं ऐकायला शेजारी ढोल वाजावा लागतो. मुलानं, जावेदनं, पुण्याहून चांगलं कानाचं मशीन आणून दिलं, ते यांच्या शर्टाच्या खिशात असतं. "पत्रा ठोकताना थे कानात असलं तं डोक्यात बॉम्ब फुटते बाई," म्हणतात. आता खिशाला ऐकू येत असेल सगळं, मी काय बोलू!

कान गेले ते जिनिंगमध्ये. सतराव्या वर्षी ते तिथं लागले. कापसाचा ढीग एकीकडे आणि सरकी वेगळी करणारी मशीनं दुसरीकडे. मधे पत्र्याचे पाइप. पाइपाच्या टोकाला मोठा पंखा हवा ओढतो आणि कापूस त्या हवेवर बसून उडत उडत मशीनपर्यंत जातो. हे पाइप करायचे, जोडायचे, फुटले तर सांधायचे, हे गफ्फारभाईंचं काम. त्यांच्या उस्तादानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की पाइप बारीक ठेव, हवा पळाली पाहिजे. हवा रेंगाळली की कापूस बसतो आणि पाइप चोक होतो. तीस वर्षं त्यांनी तेच केलं. त्यांचा एक पाइप कधी चोक झाला नाही, हे ते आजही छाती काढून सांगतात.

त्या मशीनांच्या रांगेत कोणी तोंडानं बोलत नसे, सगळं हातवाऱ्यांनी. त्यामुळे आपले कान चालले आहेत हे त्यांना कळलंच नाही. जिनिंग बंद पडली त्या दिवशी ते दुपारीच घरी आले, खाटेवर बसले आणि बायकोला, गौसियाभाभींना म्हणाले, "आज लय शांत वाटून राह्यलं." भाभी म्हणाल्या, "काय शांत? अर्ध्या घंट्यापासून ओरडून राह्यली मी तुमच्यावर!" हा किस्सा भाभी स्वतः सांगतात आणि सांगताना पोट धरून हसतात. त्या वरवट बकालच्या. तिकडची माणसं मुळातच मोठ्यानं बोलतात, म्हणून अल्लानं जोडी बरोबर लावली असं त्यांचं म्हणणं आहे.

मग दुकान काढलं. कोठ्या आणि पेट्या चांगल्या चालल्या. उन्हाळ्यात कूलरचे डबे. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, त्यामुळे कूलर म्हणजे घरातलं माणूसच. आणि मग पाच वर्षांपूर्वी ते लग्न झालं.

लग्न माझ्या भाचीचं, मधुवंतीचं. मे महिना, दुपारचा मुहूर्त, आणि गावाबाहेरचं नवंकोरं मंगल कार्यालय. मालकानं गच्चीवर मोठा कूलर बसवला होता आणि तिथून हॉलभर पाइप फिरवून थंड हवा सोडायची होती. ते पाइप गफ्फारभाईंनी केले होते. चकचकीत काम! सांधा शोधून सापडणार नाही. पण भाईंना हवेचा एकच धडा ठाऊक. पाइप बारीक आणि हवा जोरात.

मंगलाष्टकं सुरू झाली आणि तिकडे कोणीतरी बटण दाबलं.

अरे बाप्पा! काय सांगू तुम्हाला. आधी शिट्टी, मग घोंघाट, मग निरा भोंगा. गिरणीचा भोंगा वाजतो तसा, आणि थांबायचं नावच नाही. गुरुजींचं तोंड हलताना दिसत होतं, आवाज शून्य. 'सावधान' कधी झालं ते कोणालाच कळेना, त्यामुळे ज्याला जेव्हा वाटेल तेव्हा तो अक्षता टाकत होता. काहींनी पहिल्याच ओळीला सगळ्या संपवल्या. नवरदेवाची आजी अंतरपाट खाली आला तरी मूठ वळून उभी. हवा सोडणाऱ्या जाळीखाली बसलेल्यांचे फेटे उडाले आणि शेवटच्या रांगेतले घामाघूम. मधुवंती मात्र हसत होती, अजूनही तो व्हिडिओ लावून हसते. पण गफ्फारभाई दाराशी नवा कुर्ता घालून उभे होते, आपलं काम बघायला आले होते. लोकांनी कानांवर हात ठेवलेले त्यांनी पाहिले. मग वर जाळीकडे पाहिलं. मग मागच्या मागे निघून गेले.

गाव कसं असतं तुम्हाला माहीत आहे. दुसऱ्या दिवसापासून त्यांचं नाव पडलं, भोंगा. 'भोंग्याकडून कोठी आणली', 'भोंग्याच्या दुकानाजवळ ये'. तोंडावर कोणी म्हणत नसे, पण म्हणायची गरजच काय, ऐकू तर येत नाही, अशीही मस्करी. मले असा राग येत जाय! ज्या माणसाचे कान तुमच्या कापसापायी गेले, त्यालेच तुम्ही भोंगा म्हणता? मी चौघांना तोंडावर सुनावलं, त्यात माझा सख्खा दीर होता.

आठ दिवसांनी भाई वाचनालयात आले. आयुष्यात पहिल्यांदा. चपला बाहेर काढून, टेबलासमोर उभे राहून मोठ्यांदा म्हणाले, "बाई, हवेचं पुस्तक हाय का?"

मी म्हटलं, कसलं हवेचं? त्यांना ऐकू गेलं नाही. मी ओरडले. वाचणारी सगळी मंडळी माझ्याकडे बघायला लागली. शेवटी मुलांच्या विभागातली पाटी घेतली आणि खडूनं लिहिलं. भाईंना उर्दू छान येतं, मराठी सावकाश वाचतात. त्यांनी पाटी वाचली आणि म्हणाले, "माणसाच्या हवेचं. कापसाची मले येते."

त्यांना काय म्हणायचं होतं ते मला तेव्हा कळलं नाही. पण एका निवृत्त इंजिनिअरनं दान केलेल्या गठ्ठ्यात डक्टवरचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं, इतक्या वर्षांत त्याला कोणी हात लावला नव्हता. ते काढलं. त्या पावसाळ्यात रोज दुपारी तासभर आमची शाळा भरायची. मी पुस्तकातलं मराठीत पाटीवर लिहायची, भाई वाचायचे, पुसायचे आणि खाली आपला हिशोब मांडायचे. मला गणितात पस्तीसच्या वर मार्क कधी पडले नाहीत, पण शपथेवर सांगते, त्यांच्यामुळे मला हे कळलं. हवा ठरलेली आहे. ती बारीक वाटेनं पाठवली की पळत जाते, रुंद वाटेनं पाठवली की चालत जाते. पळणारी हवा ओरडते. चालणारी ओरडत नाही.

पुस्तकात एक तक्ता होता. कारखान्यात हवेची चाल किती असावी, दुकानात किती, दवाखान्यात किती आणि ग्रंथालयात किती. ग्रंथालयाचा आकडा सगळ्यात कमी आकड्यांमधला. तो मी लिहिला, आणि भाईंनी त्याखाली लग्नातल्या हवेचा हिशोब मांडला. मग डोक्यावर हात मारून म्हणाले, "मी त्या लग्नात चौपट पळवली बाई! लोकायले कापूस समजलो मी!" आणि असे हसले की डोळ्यांत पाणी आलं. मी पण हसले. पुस्तक नेणारे थांबून आमच्याकडे बघत होते, बघू द्या.

पण शिकून काय करता? पुढची चार वर्षं एकाही हॉलचं काम त्यांना कोणी दिलं नाही. कोठ्या, पेट्या, बस. तिकडे जावेदचा आग्रह सुरू झाला. त्याचं चुकत होतं असं नाही. बापाला ऐकू येत नाही, रस्त्यावर मागून ट्रक आला तर? दुकान बंद करा, पुण्याला या, दोन खोल्या आहेत, आरामात राहा. भाई दर वेळी म्हणायचे, बघू. या वर्षी एप्रिलच्या शेवटी मात्र ते दुकानात नुसतेच बसलेले दिसले. म्हणाले, "जातो आता बाई. भोंगा म्हणून इथं राहाण्यापेक्षा अब्बा म्हणून तिथं बरं." भाभी मागे उभ्या होत्या. त्यांनी तोंड फिरवलं.

तेवढ्यात आमच्या अभ्यासिकेचं निघालं.

वाचनालयाच्या वर आमची अभ्यासिका आहे. साठ पोट्टेपोट्ट्या सकाळपासून बसतात. कोणी तलाठ्याची परीक्षा देतंय, कोणी पोलीस भरतीची, कोणी राज्यसेवेची. लांबलांबून येऊन खोल्या करून राहतात. आमची हिमानी तर लोणार तालुक्यातल्या बीबीहून आलेली, पहिल्या बाकावर बसते आणि कोणी पेनाचं टोपण वाजवलं तरी मागे वळून बघते. त्या हॉलमध्ये खिडक्यांना चार कूलर होते. चारही असे खडखडायचे की पोरं कानात कापसाचे बोळे घालून अभ्यास करायची. खिडकीजवळची गारठायची, मधली भाजायची. एप्रिलपासून जागेवरून भांडणं. आणि परीक्षा नेमकी जूनमध्ये. तेव्हा संस्थेनं ठरवलं की गच्चीवर एक मोठा कूलर बसवायचा आणि पाइपानं हवा खाली आणायची.

संस्थेचे सचिव सुधाकरराव, म्हणजे आमचे हे. पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. माणूस चांगला आहे, पण स्वतःच्या कागदावर सही करतानाही दोनदा वाचतो. हे म्हणाले, "अकोल्याच्या कंपनीवाल्याला बोलावू."

मी म्हटलं, "गफ्फारभाई करतील."

"भोंगा?"

झालं! मी ताट बाजूला सारलं. म्हटलं, "तुमच्या तोंडून थो शब्द पुन्हा निघाला तं उद्यापासून स्वयंपाक तुम्ही करा. अन् पाह्यजे तं अकोल्याच्या कंपनीवाल्याले पोळ्या लाटाले बोलवा." पस्तीस वर्षांच्या संसारात यांना एवढं तर कळतंच की मी वऱ्हाडीवर आले की वाद संपलेला असतो.

दुसऱ्या दिवशी भाई आणि भाभी माप घ्यायला आले. भाभींच्या हातात दोरी आणि भाईंच्या हातात खडू. हॉल चाळीस फूट लांब, पंचवीस रुंद. भाईंनी फरशीवरच खडूनं सगळा पाइप काढला. मिनिटाला सहा हजार घनफूट हवा लागणार, तिला माणसाच्या चालीनं न्यायची तर पाइप तीन फूट रुंद आणि दोन फूट उंच.

"एवढा?" हे किंचाळले. "हा पाइप आहे की कोठी? यातून म्हैस जाईल!"

पाटीवर 'म्हैस' लिहायची मला लाज वाटली, पण लिहिलं. भाई हसले. मग त्यांनी यांना हाताला धरून फरशीवरच्या रेघेपाशी नेलं आणि म्हणाले, "साहेब, तुम्ही कॅनॉलच्या ऑफिसात होते नं? कॅनॉल सुरुवातीले केवढा असते अन् शेवटच्या वावराजवळ केवढा?" आणि त्यांनी खडूनं दाखवलं. पहिल्या दोन जाळ्यांतून हवा निघून गेली की पाइप तीन फुटांवरून दोन फूट रुंद होणार. आणखी दोन जाळ्या गेल्या की एक फूट. हवा कमी झाली तशी वाट कमी केली की तिची चाल शेवटपर्यंत तीच राहते, मागच्या बाकालाही तेवढीच हवा पोचते. आमचे हे रेघेकडे बघत उभे राहिले. चौतीस वर्षं कॅनॉलचे नकाशे फाइलला लावले होते, त्यांना न समजून कसं चालेल!

"समजलं," हे म्हणाले. "पण अट एक. आवाज आला तर दुसऱ्या दिवशी सगळं खाली उतरवायचं. पोरांची परीक्षा आहे."

मी अट पाटीवर लिहिली. भाईंनी वाचली आणि म्हणाले, "मंजूर. माही पण एक अट लिवा. आवाज आला तं पाइपासंगं दुकान बी उतरवतो. जावेदकडे जातो. मंग पुन्हा पत्र्याले हात नाही लावत." मी भाभींकडे पाहिलं. त्या दोरी गुंडाळत होत्या आणि गुंडाळी काही जमत नव्हती. त्यांना यात ओढलं मी, आणि उद्या शिट्टी वाजली तर त्यांना गावातून घालवणारी पण मीच.

पंधरा दिवस काम चाललं. ज्याला आवाज ऐकूच येत नाही तो आवाज न होणारा पाइप कसा करतो, ते मी डोळ्यांनी पाहिलं. वळणावर हवा भिंतीला धडकू नये म्हणून त्यांनी आत वाकड्या पट्ट्या बसवल्या. पंख्याची थरथर पाइपात उतरू नये म्हणून दोन्हींच्या मधे जाड कॅनव्हासची बाही लावली, ती भाभींनी घरच्या शिलाई मशीनवर शिवली आणि तीन सुया मोडल्या. मग शनिवारी सकाळी, अभ्यासिकेला सुट्टी असताना, पहिल्यांदा कूलरचं मशीन लावून बघितलं.

भाईंनी दोऱ्याला कापसाचा पुंजका बांधला आणि शिडीवर चढून तो एकेका जाळीसमोर धरला. जिनिंगमध्ये असा पुंजका धरला तर हातातून सुटून जातो. इथं तो फक्त चार बोटं पुढे झुकायचा. "हे माणसाची," ते वरून ओरडले. दुसरी जाळी, चार बोटं. तिसरी जाळी, चार बोटं. पण तिथं भाभींनी हात वर केला. "शिट्टी!" त्या म्हणाल्या. मलाही ऐकू आली, बारीकशी, घरात दूर कुठंतरी कुकर लागावा तशी.

भाभींनी ओठांवर बोट ठेवून फुंकर मारून दाखवलं. भाईंचा चेहरा उतरला. पुंजका तर बरोबर सांगत होता! मग त्यांनी एक लांब स्क्रू ड्रायव्हर घेतला, त्याची मूठ दातांत धरली आणि टोक पाइपाला लावलं. असं वीतवीत करत पाइपावरून सरकत गेले. एका जागी थांबले. डोळे मिटले. दात कडकडायला लागावेत तसा त्यांचा जबडा हलला. त्यांनी त्या जागी खडूची फुली मारली, सांधा उघडला, हात आत घातला आणि बोट बाहेर काढून मला दाखवलं. बोटाला बारीक चीर पडली होती. आत पत्र्याची कड वर आली होती. किती? एक सूत. म्हणजे इंचाचा आठवा भाग. त्या एका सुतानं एवढी शिट्टी! त्यांनी ती कड ठोकून बसवली, पुन्हा मशीन लावलं, आणि आम्ही दोघी बायका कान देऊन उभ्या राहिलो. काही नाही.

"नाही?" त्यांनी विचारलं.

भाभींनी मान हलवली. पण भाईंचा काही विश्वास बसेना. "हॉल रिकामा हाय. तुम्ही दोघी माह्या बाजूच्या. साहेब म्हणतीन तेव्हा खरं."

सोमवारी बारा वाजता हे येणार होते. अभ्यासिका भरली होती, साठच्या साठ. उन्हानं बाहेर रस्ता पांढरा पडला होता. मी साडेअकरालाच मशीन लावायला सांगितलं, हॉल गार होऊ दे म्हणून. खिडक्या वरच्या उघड्या ठेवल्या, कारण आत येणाऱ्या हवेला बाहेर जायलाही वाट हवी, हेही मला आता ठाऊक आहे. हळूहळू हॉल निवत गेला. पोरं मान खाली घालून लिहीत होती. कोणी जागेवरून भांडेना. शेवटच्या बाकावरच्या पोरानं कानातला बोळा काढून खिशात टाकला.

गफ्फारभाई दाराजवळ उभे होते. तोच लग्नातला कुर्ता घालून आले होते. त्यांना काही ऐकू येत नव्हतं, म्हणून ते दाराकडे डोळे लावून होते. साहेबांच्या तोंडावर काय दिसतं, त्यावर सगळं.

बाराला पाच कमी असताना हे आले. डोक्याला दुपट्टा, चेहरा लालबुंद, जिना चढून धाप लागलेली. दारात उभे राहिले, वर पाइपाकडे पाहिलं, आणि जे ओरडले!

"अरे, हा काय प्रकार आहे? बारा वाजत आले! पोरं उकडून राहिली अन् तुम्ही नुसते उभे काय राहिले? लावा ना मशीन!"

मग हिमानी मागे वळली, यांच्याकडे पाहिलं आणि तोंडावर वही धरली. तिचे खांदे हलायला लागले. मग तिच्या शेजारची. मग सगळा हॉल. साठ पोरं खो खो हसत सुटली आणि आमचे हे मधे उभे, काय झालं म्हणून सगळ्यांकडे बघत.

आणि गफ्फारभाई? त्यांना काय दिसलं? साहेब हात वर करून पाइपाकडे बघत ओरडतायत आणि सगळी पोरं हसतायत. बस, एवढंच. मी त्यांच्याकडे पाहिलं तर चेहऱ्यावरून रक्त उतरलं होतं. त्यांनी वर बघितलंही नाही. भाभींच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "चल गौसिया. जावेदले सांग, येतो म्हणून." आवाज लहान. एवढ्या वर्षांत त्यांना लहान आवाजात बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं.

भाभींना हसू आवरेना आणि रडूही, त्यामुळे त्या काही सांगूच शकत नव्हत्या, नुसत्या त्यांची बाही ओढत होत्या. मी पाटी शोधायला धावले. खडू हातातून पडला, मोडला, त्याच्या तुकड्यानं लिहिलं: "ते विचारून राह्यले, मशीन काऊन नाही लावलं?"

भाईंनी वाचलं. पुन्हा वाचलं. मग मान वर करून जाळीकडे पाहिलं. मग यांच्याकडे. तोवर यांच्या डोक्यात प्रकाश पडला होता. डोक्यावरचा दुपट्टा काढून, टक्कल वर करून हे जाळीखाली उभे होते आणि गार वारा लागतोय का ते बघत होते. लागत होता. "अरे, चालूच आहे की!" हे म्हणाले, आणि मग त्यांनी जे केलं त्याबद्दल त्यांचे शंभर गुन्हे माफ. दोन पावलं पुढे आले आणि गफ्फारभाईंना गच्च मिठी मारली. स्वतःच्या लग्नात हे माझा हात धरायलाही लाजले होते, आणि इथं साठ पोरांसमोर!

"ऐकू नाही आलं?" गफ्फारभाईंनी विचारलं. म्हणजे ते विचारत होते, पण आनंदात आवाजावर ताबाच राहिला नाही. "साहेबाले ऐकू नाही आलं? अर्ध्या घंट्यापासून चालू हाय!"

अशी गर्जना झाली की खाली वाचनालयातून लोक वर बघायला लागले. हिमानीनं वही खाली ठेवली, उभी राहिली आणि ओठांवर बोट ठेवून भाईंना म्हणाली, "काका, हळू. पूर्ण हॉलमध्ये तुमचाच आवाज येतोय." त्यांना ते ऐकू गेलं नाही, पण बोट दिसलं. त्यांनी लगेच दोन्ही हातांनी तोंड दाबलं आणि हाताआडून हसत राहिले. डोळ्यांतून पाणी दाढीत उतरत होतं. मी तरी कुठं कोरडी होते? मी निरा रडून राह्यली होती, अन् मले त्याची काही लाज नाही.

भाई बाहेर जिन्यात गेले आणि खिशातून मोबाइल काढला. फोनवर ते ऐकू शकत नाहीत, म्हणून ते कधी कोणाला फोन लावत नाहीत. पण त्या दिवशी लावला. समोरून कोणी उचललं की नाही ते भाभींनी बघितलं, मान डोलावली, आणि मग भाईंनी पुण्यापर्यंत फोनशिवायही पोचला असता एवढ्या मोठ्यानं सांगितलं, "जावेद! मी नाही येऊन राह्यलो! दुकान चालू राहाते! साहेबाले ऐकूच नाही आलं बेटा!"

आणि फोन भाभींच्या हातात दिला.

भाभींनी कानाला लावला. बराच वेळ ऐकत राहिल्या. मी विचारलं, "काय म्हणतो हो जावेद?"

"हसून राह्यला," भाभी डोळे पुसत म्हणाल्या. "म्हणते, अब्बाले सांग, हळू बोला. ऑफिसात सगळ्यायले ऐकू गेलं."